ठिपका वर

शाहूपुरी, कोल्हापूर
७ जून २०२४

श्रुती,

चि. लिहिलं नाही, सौ.ही लिहिलं नाही. पहिलं लिहायला माझा हात कधी वळला नाही आणि दुसरं आता फार दिवस टिकणार नाही. त्याचसाठी हे पत्र आहे. तुझ्या त्या बेटावर फोन लागत नाही, पंधरा दिवसांनी बोट येते, असं धैर्यशील सरांनी सांगितलं, म्हणून कागद घेऊन बसले.

सोबत वकिलांनी दिलेले कागद आहेत. फुल्या मारल्यात तिथं सह्या कर. तुम्ही दोघं दोन वर्षं वेगळे राहताय, त्यामुळं कोर्ट अडवून धरणार नाही म्हणे. तुला इथवर यायचीही गरज नाही, पोर्ट ब्लेअरला गेलीस की जबाब व्हिडिओवर घेतात. अमरेशसाठी संकेश्वरची मुलगी बघितली आहे. सुष्मिता. बी.कॉम. झाली आहे, बोलायला मऊ आहे, आमच्यातली आहे. हा शेवटचा शब्द तुला टोचेल हे मला माहीत आहे. टोचू दे. माझ्या लेकानं तुला घरात आणलं तेव्हा मला काय काय टोचलं होतं, ते तू कधी विचारलं नाहीस.

तुझ्या सापसुरळ्यांचंही सांगते, नाहीतर तू हे पाकीट बोटीवरनंच पाण्यात टाकशील. तू गेलीस तेव्हा एकवीस होत्या, आता नऊ उरल्यात. चार माद्या, पाच नर. सगळ्या म्हाताऱ्या. गेल्या दोन्ही उन्हाळ्यांत माद्यांनी अंडी घातली, पण एकूण एक पोकळ निघाली. तानाबाई तू शिकवलंस तसंच सगळं करते. रातकिडे पाळते, दिवा लावते, पाणी फवारते. पण तिला बघून त्या बाहेर येत नाहीत. दगडाखालून निळी शेपूट तेवढी दिसते.

धैर्यशील सर परवा सापसुरळ्या वाचवायच्या समितीच्या कामाला पुण्याहून आले होते. तुझ्याबद्दल चांगलं बोलले. दोन वर्षांत तू बेटावरची सगळी मांजरं पकडून हलवलीस, कुंपण घातलंस, आणि रानात एकही सापसुरळी शिल्लक सापडली नाही, असं म्हणाले. म्हणजे जगात आहेत त्या माझ्या हॅचरीतल्या ह्या नऊच. त्या बेटावर नेल्या, तिथलं ऊन मिळालं, तर पुन्हा अंडी धरतील असं तुझं म्हणणं आहे म्हणे. सरांनाही ते पटतंय. पण फाइलीत लिहिलंय की चौदा अंडी तुझ्या हलगर्जीपणानं गेली. तो शेरा आहे तोवर एकही प्राणी तुझ्या ताब्यात देता येत नाही. आणि तुझ्याशिवाय त्या बेटावर राहायला दुसरं कुणी तयार नाही.

तेव्हा त्या इथंच मरणार. मला ह्यात काही करता येण्यासारखं नाही. तू सह्या कर आणि मोकळी हो.

नीलम्मा


३० जुलै २०२४

श्रुती,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी लिहिलंस आणि तेही दोन ओळी. ‘सही करते. आधी सांगा, निळी पेन्सिल कुणाची होती?’

कार्ड तानाबाईनं आणून दिलं. मी म्हटलं, चुलीत घाल. ती म्हणाली, “आक्का, आता चूल कुठं हाय वो, ग्यास हाय की.” मग कार्ड तसंच देव्हाऱ्यामागं राहिलं. रोज सकाळी पूजेला बसलं की त्याचा कोपरा दिसायचा. वीस दिवस बघितला.

तानाबाईला लिहिता येत नाही. पेन्सिल तिच्या हातात कशाला येईल, एवढं तुझ्या डोक्यात आलं नाही? का दोन वर्षांनी आता आलं? तू अंड्यांवरचे निळे ठिपके बघितलेस, तिनंच काहीतरी केलं असं धरून बसलीस, आणि समितीसमोर सगळा दोष आपल्या अंगावर घेतलास. का, तर विधवा बाई कामावरून जाऊ नये. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मी तिथंच होते, समितीच्या लोकांना चहा देत होते.

निळी पेन्सिल माझी.

आता सगळंच ऐक. तुझे वडील गारगोटीच्या दवाखान्यात पडले म्हणून फोन आला, तेव्हा अंडी पाच दिवसांची होती. चार माद्यांची मिळून चौदा. मिठाईच्या पारदर्शक डब्यात ओल्या भुशासारखं ते काय असतं त्यात मांडलेली, प्रत्येकावर साध्या पेन्सिलीचा बारीक ठिपका. तू पिशवी भरलीस, तानाबाईला सांगितलंस की फक्त तापमान बघत जा. मला काहीच सांगितलं नाहीस. मी दारातच उभी होते.

हॅचरी माझी आहे श्रुती. बत्तीस वर्षं मी त्या खोल्यांतनं पिल्लं काढली. कोंबड्यांच्या रोगात धंदा बसला, खोल्या रिकाम्या पडल्या, आणि तू म्हणालीस, इथं ऊब राहते, जनरेटर आहे, बेटावरच्या सापसुरळ्या इथं जगवू. अमरेशनं मान डोलावली. मग माझ्याच खोलीच्या दारावर तू पाटी लावलीस, परवानगीशिवाय आत येऊ नये. मी दोन वर्षं ती पाटी बाहेरून वाचली.

तू गेलीस त्या दिवशी मला तुझी दया आली. बापाचं असं झालेलं, पोर घाबरलेली, आणि घाईत मुख्य गोष्टच सांगायची विसरली. अंडी फिरवायची कुणी? कोंबडीचं अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. माझ्या सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात मला हे शिकवलं. तेव्हा रॉकेलवरची पेटी होती, दिवसातून चारदा पाचशे अंडी हातानं फिरवावी लागायची. कोंबडीसुद्धा चोचीनं फिरवते. अंडं म्हटलं की फिरवायचं, ह्यात मला कधी शंका आली नाही. मी तुझी पाटी ओलांडून आत गेले. सकाळी पूजा झाल्यावर आणि संध्याकाळी दिवेलागणीला, दोन बोटांनी, हलक्या हातानं, चौदाच्या चौदा. असं दहा दिवस केलं. तुझ्यासाठी मनापासून केलेलं माझं हे एकच काम.

अकराव्या दिवशी तुझा फोन आला. तानाबाईच्या हातात रातकिड्यांची बरणी होती, म्हणून तिनं आवाज मोठा करून फोन फळीवर ठेवला होता. तू म्हणालीस, “मावशी, अंडी अजिबात हलवू नका हं. एकसुद्धा. सापसुरळीचं अंडं फिरलं की आतला जीव गुदमरतो. ठिपका कायम वर राहिला पाहिजे.” ती म्हणाली, “न्हाय बा, म्या कशाला हात लावतोय.” मी भिंतीला टेकून ऐकत होते.

ती गेल्यावर मी आत जाऊन अंडी सरळ केली. तीन अंड्यांवरचे ठिपके माझ्या बोटांनी पुसून गेले होते. ट्रेवर तारीख घालायची निळी पेन्सिल हाताशी होती, तिनं पुन्हा घातले.

मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी खरं मानलं नसतं. तुझा चहाचा कप मी वेगळा ठेवत होते. तुला ते पहिल्या आठवड्यातच कळलं. तू भांडली नाहीस, उलट सगळ्यांसमोर मुद्दाम म्हणायचीस, अव्वा, माझा कप द्या. कप वेगळा ठेवणारी सासू प्रेमानं अंडी फिरवायला गेली होती, हे तुझ्या माहेरच्यांनी मानलं असतं? अमरेशनं मानलं असतं? जाणूनबुजून मारली असंच सगळे म्हणाले असते.

उत्तर मिळालं. आता सही कर. एक मादी गेली, आठ उरल्यात.

नीलम्मा


१८ सप्टेंबर २०२४

श्रुती,

‘हे समितीला लिहून द्या. मग सही.’ वा. शिव्या देशील असं वाटलं होतं. निदान रडशील तरी. तू मला कामाला लावलंस.

लिहून दिलं नाही, पण लिहून ठेवलं आहे. दोन पानं, तारीख घालून, सही करून. कपाटात लुगड्यांच्या घडीत आहेत. तुझी सही आली की दुसऱ्या दिवशी पुण्याला पाठवते. आधी तू.

तू म्हणशील, आधी तुम्ही. मग मी पुन्हा म्हणेन, आधी तू. तुझी बोट पंधरा दिवसांनी, पुढं पोस्टाचे दहा-बारा दिवस, ह्यात दोन-तीन महिने आरामात जातील. मला घाई नाही. संकेश्वरची माणसं समजूतदार आहेत, थांबतो म्हणाली. घाई तुझ्या सापसुरळ्यांना आहे. आता सहाच आहेत, दोन माद्या आणि चार नर.

गणपतीत तानाबाई माझ्याशी भांडली. मेलेली मादी रुमालात गुंडाळून घेऊन आली आणि माझ्या ताटासमोर ठेवली. म्हणाली, “आक्का, त्या पोरीला बोलवा की वो. ह्या मरत्यात न्हवं, आन् तुमी जेवताय.” मी म्हटलं, बोलावलंय. ती म्हणाली, “कवा? मेल्यावर येनार व्हय ती?” तिला घरी पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आली, बोलत मात्र नाही.

तुला वाटत असेल, ही बाई अशी कशी. मी अशीच आहे. नवरा गेला तेव्हा अमरेश सात वर्षांचा होता. दीर म्हणाले हॅचरी विकून टाकू. मी विकली नाही. तेव्हापासून हातातली वस्तू मी दुसरी हातात पडल्याशिवाय सोडत नाही.

नीलम्मा


५ डिसेंबर २०२४

श्रुती,

सह्या पोचल्या. सगळ्या फुल्यांवर नीट केल्यास, एकही चुकली नाहीस. मीही शब्द पाळला. पानं पुण्याला गेली, आणि मागच्या आठवड्यात धैर्यशील सर दोन माणसं घेऊन स्वतः आले.

मला वाटलं होतं झाडतील. उलट सर माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. म्हणाले, ह्या वयात, एवढ्या वर्षांनी, स्वतःहून चूक कबूल करायला मन मोठं लागतं. सोबतच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडीच्या अंड्याची सवय सापसुरळीच्या अंड्याला नडली, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं, पुढच्या केंद्रांमध्ये शिकवायला उपयोगी पडेल म्हणाले. जाताना मला शाल दिली. मी ती घेतली. तुझ्यावरचा शेरा काढल्याचं पत्र तुला पुढच्या बोटीनं मिळेल. फेब्रुवारीत प्राण्यांची पेटी पाठवायचं ठरलं आहे.

अमरेशला हे सरांसमोरच कळलं. तो तसाच उठून दुकानात निघून गेला. दोन दिवस कोंबडी-खाद्याच्या पोत्यांवर बसून होता, जेवायलाही आला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, “अव्वा, तू मदत करायला गेलतीस की. मला सांगायचं न्हाईस व्हय?” मग बराच वेळ रडला. तुझे वडील गेले, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्याच दिवशी तो तुला म्हणाला होता की तुझ्या बापापायी चौदा जीव गेले. त्या बोलण्यावर तू घर सोडलंस. ते त्याला आता आठवतंय. मी म्हटलं, झालं ते झालं, तिनं स्वतःच्या हातानं सह्या पाठवल्यात, तिला तू नको आहेस. तुला काही लिहायचं आहे का विचारलं, तर नाही म्हणाला.

तू सह्यांच्या पाकिटात आणखी एक चिठ्ठी टाकली होतीस. ‘तुम्ही थांबलात तेव्हा किती जिवंत होती?’

एकही नाही. दहा दिवस फिरवल्यावर काय जिवंत राहणार? आता हे पुन्हा उकरू नकोस. तुला हवं ते मिळालं आहे.

पाच उरल्यात. मादी एकच.

नीलम्मा


२४ फेब्रुवारी २०२५

श्रुती,

कोर्टाच्या पडद्यावर तुला बघितलं. मी मागच्या बाकावर होते, तुला दिसले नसेन. उन्हानं काळी पडली आहेस, केस कापलेत. न्यायाधीशांनी विचारलं, स्वखुशीनं करताय का, तर तू ‘होय’ म्हणालीस आणि लगेच खाली बघितलंस. अमरेशला बोलवलं तेव्हा तो उभाच राहिना, वकिलानं कोपराला धरून उठवलं. दहा मिनिटांत सगळं संपलं.

दुसरी बातमी वाईट आहे. पेटी निघायच्या आदल्या दिवशी शेवटची मादी गेली. तानाबाई तिला म्हातारी म्हणायची. सकाळी दिव्याखाली आली नाही म्हणून दगड उचलला, तर होती तिथंच, शेपटीचा निळा रंग उडून राखेसारखा झाला होता. मी तळहातावर घेतली. वजनच नव्हतं. थंडीत एक नरही गेला होता. सरांना फोन केला, तर म्हणाले, पाठवून द्या, आहेत तेवढ्या.

तेव्हा तुला पोचलेल्या पेटीत तीन नर होते. तुझं कुंपण, तुझं बेट, तुझं ऊन, आणि तीन नर. मी सप्टेंबरात पानं कपाटात ठेवली नसती तर दोन माद्या जिवंत पोचल्या असत्या. हा हिशेब तू करणारच, म्हणून मीच लिहिते.

तू पुन्हा तेच विचारलंस. ‘तुम्ही बत्तीच्या पेटीवर धरल्याशिवाय अंड्याला हात लावत नाही. किती?’

त्या दुपारची आठवण ठेवलीस म्हणायची. मोबाईलच्या उजेडात तू अंडं बघत होतीस, काही दिसत नव्हतं. मी माळ्यावरून सागवानी पेटी काढली, आत दिवा लावला, भोकावर तुझं ते घेवड्याच्या बीएवढं अंडं ठेवलं. आत लाल धागा दिसला. तू माझा दंड धरलास आणि ओरडलीस, “अव्वा, बघा की!” मी सोडवून घेतला नाही. चार वर्षांच्या संसारात आपण एकमेकींना शिवलो ते तेवढंच.

उत्तर मी दिलेलं आहे. एकही नाही. आता विचारू नकोस.

नीलम्मा


१६ मे २०२५

श्रुती,

अमरेशच्या अक्षता पडून आठ दिवस झाले. म्हणून आज लिहिते, आधी लिहिलं नाही.

सोबत एक पाकीट आहे, बंद. तुला डिसेंबरात लिहिलेलं अमरेशचं पत्र. काही लिहायचं नाही म्हणाला, हे मी खोटं लिहिलं होतं. त्यानं सहा पानं लिहिली आणि माझ्या पत्राबरोबर टाक म्हणून विश्वासानं माझ्या हातात दिली. मी उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती, त्याचा चेहराच सांगत होता. पुढं रोज विचारायचा, बोट आली का, उत्तर आलं का. मी म्हणायचे, नाही रे. मार्चमध्ये विचारायचं थांबला आणि एप्रिलमध्ये संकेश्वरला हो म्हणाला. आता वाच. तुझ्याकडं येतो असं लिहिलं असेल तर आता येता येणार नाही.

सुष्मिता चांगली आहे. आल्या आल्या स्वयंपाकघर लावायला घेतलं. कपाटाच्या मागं तुझा कप सापडला, तिला काय ठाऊक, तिनं घासून सगळ्या कपांच्या ओळीत ठेवला. परवा सकाळी मला त्यातच चहा दिला. मी बघितला, आणि प्यायले. त्यानंतर दोन दिवस मला अन्न गेलं नाही.

हॅचरी रिकामी आहे. तानाबाईनं काम सोडलं, जाताना पाया पडली नाही. सर फोन करत नाहीत. शाल कपाटात आहे. घरात कुणालाच माझ्याकडून काही जाणून घ्यायचं नाही, सगळ्यांच्या लेखी मी मोठ्या मनाची आहे. तू एकटीच मला काहीतरी विचारत राहिलीस. मला हे एकटीला ठेवून घेणं आता जमत नाही, म्हणून तुला देते. तुला नको असलं तरी देते. पत्र कुणालाही दाखव.

अकराव्या दिवशी तुझा फोन ऐकल्यावर मी आत गेले, हे खरं. अंडी सरळ केली, ठिपके घातले, तेही खरं. त्याआधी एकेक अंडं पेटीवर धरलं, हे मी लिहिलं नव्हतं. नऊ आतून काळी पडली होती. पाचांत लाल धागे होते, आणि धाग्यांच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी उघडमीट करत होतं. मला आनंद झाला श्रुती. हात जोडले. पाच तर पाच, वाचली, आता शिवणार नाही, असं मोठ्यानं म्हणाले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून घरी आले.

अमरेश जेवणाच्या टेबलावर बेटाचा नकाशा पसरून बसला होता. मी काही सांगायच्या आत म्हणाला, “अव्वा, पिल्लं निघाली की आम्ही दोघंबी बेटावर जाणार. तीन वर्सं. लागलं तर ऱ्हायचंच तिकडं.” मी विचारलं, आणि मी? तो म्हणाला, “तू हाईस की इथं, दुकान बघायला.” पुन्हा नकाशात डोकं घातलं. त्याला दोष देऊ नकोस, तो खूश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा केली आणि आत गेले. तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. फिरलं की गुदमरतो, हे तुझ्याच आवाजात ऐकलं होतं. नऊ काळ्या अंड्यांना हात लावला नाही. पाच फिरवली.

किती, असं तू दोनदा विचारलंस. पाच. संध्याकाळी पेटीवर धरून बघितली तेव्हा चार थांबली होती. पाचवं चालू होतं. निळ्या ठिपक्याचं होतं ते. बराच वेळ बघत बसले. मग ते पुन्हा फिरवलं, थांबेपर्यंत तिथंच बसले, आणि थांबल्यावर ठिपका वर करून ठेवलं.

नीलम्मा